सुई ओवून दाखवा

आमच्या बाई ढगाळ दिवशी पेशंट तपासत नसत. पेशंट बिचारा जिना चढून आलेला असे, त्याचा नंबरही लागलेला असे, आणि बाई खिडकीतून आभाळाकडे एकदा बघून शांतपणे म्हणत, "उद्या या. आज उजेड बरा नाही." खोलीत चार ट्यूबलाइट होत्या. कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं की उत्तर ठरलेलं होतं, "त्या मला चिठ्ठी लिहायला आहेत. कातडी उन्हात बघायची असते." मग पावसाळ्यात चार महिने काय करता, असं मी नवा असताना विचारलं होतं. "त्यातल्या त्यात बरा ढग बघते," असं त्या म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मी नागपूरकडचा. त्वचारोगाची पदवी घेऊन पुण्यात आलो, कोथरूडला एका सोसायटीत भाड्याने राहू लागलो आणि सदाशिव पेठेतल्या बाईंच्या दवाखान्यात मदतनीस डॉक्टर म्हणून चिकटलो. दोन वर्षं होतो. बाई तेव्हा सत्तरीला टेकलेल्या. सुती पातळ, पांढरा कोट, आणि गळ्यात स्टेथोस्कोपच्या जागी दोरीला बांधलेलं भिंग. मला त्या 'अरे-तुरे' करायच्या. 'अहो डॉक्टर' म्हणाल्या की समजायचं, आपलं काहीतरी चुकलेलं आहे. पहिल्या महिन्यात मी बहुतेक वेळ 'अहो डॉक्टर'च होतो.

दाराबाहेर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून लावलं होतं, 'फोनमधले फोटो दाखवू नयेत. ज्याची कातडी आहे त्याला सोबत आणावे.' तरी आयटीतली मुलं यायची, "मॅडम, ॲक्चुअली आईला रॅश आहे, ती साताऱ्याला असते," म्हणत फोन पुढे करायची. बाई फोनच्या काचेवरून अंगठा फिरवायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या आईची कातडी फार गुळगुळीत आहे. काही झालेलं नाही." मुलगा ओशाळून फोन खिशात घालायचा. पुढच्या रविवारी आई साताऱ्याहून हजर असायची, आणि बाई तिला अर्धा तास द्यायच्या.

कारण त्यांचा खरा विश्वास बोटांवर होता. हात लावण्याआधी त्या चहाच्या कपाभोवती तळवे धरून ऊबदार करून घेत. चहा पीत नसत, नुसता धरत. दिवसाला असे सात-आठ कप गार व्हायचे आणि ते संपवायची जबाबदारी माझ्यावर यायची. माझी ॲसिडिटी त्या दोन वर्षांतली आहे.

रस्त्यातही त्यांचे डोळे स्वस्थ नसत. एकदा आम्ही दोघं बसने चाललो होतो. कंडक्टरने तिकीट द्यायला हात पुढे केला, तर बाईंनी तिकीट राहू दिलं आणि मनगट धरलं. "हा डाग किती दिवसांचा?" कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट घ्या." "घेते. इथे कापूस लावला तर कळतो का?" पुढच्या तीन स्टॉपांत बाईंनी पर्समधून कापूस काढून त्याची तपासणी केली. मागची माणसं तिकिटाशिवाय उतरून गेली असतील तर त्याला बाई जबाबदार होत्या. कंडक्टर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आला. कुष्ठरोगाची सुरुवात होती आणि ती वेळेवर सापडली. पुढे तो रजेच्या दिवशी येऊन बाहेरच्या बाकावर बसायचा आणि नव्या पेशंटांना सांगायचा, "बाई बोलतात तसं मनाला लावून घेऊ नका. हात चांगला आहे."

खरंच बोलणं फार तिखट होतं. कुणाच्या सांगण्यावरून भलतीसलती मलमं चोपडून कुणी आलं की बाई विचारत, "ज्यांनी सांगितलं ते काय करतात? वकील आहेत? मग कोर्टातच जायचं होतं, इकडे कशाला आलात?" पण तेवढं झालं की त्या त्या माणसाच्या अंगावरचा एकेक जुना वण विचारून घेत. गुडघा कुठे फुटला, हनुवटीला टाके कधी पडले, टोचणं कुठल्या दंडावर झालं. मला आधी ती म्हातारपणाची चौकशी वाटायची. नंतर कळलं की काही आजार जुन्या वणांतच घर करतात, आणि बाई ते घर शोधत असत.

हे कळलं ते हारवाल्या मावशींमुळे. त्यांच्याचसाठी मी हे लिहायला बसलोय.

मावशींचा मार्केट यार्डातल्या फुलबाजारात हारांचा गाळा होता. शहराने गिळलेल्या एका गावातल्या शेतकरी घरातल्या, पंचावन्नच्या आसपास वय. गणपती नुकतेच गेले होते आणि नवरात्र तोंडावर होतं, अशा एका लख्ख दिवशी त्या सुनेला घेऊन आल्या. बाही वर केली. हातावर गोंदण होतं, लहानपणी जत्रेत गोंदवून घेतलेलं भावाचं नाव, खाली एक छोटं तुळशीवृंदावन. ते सगळं फुगून वर आलं होतं. अक्षरन् अक्षर बोटाने वाचता येईल इतकं.

"चार महिनं झालं," मावशी म्हणाल्या. "भावाचं नाव उठलंय. म्हणून मी त्याला रोज फोन करती, बरा हाईस का म्हणून. त्यो आता फोनच उचलत न्हाई."

"तो बरा आहे. तुम्हीच बऱ्या नाही," बाई म्हणाल्या.

सून हसली. मावशीही हसल्या. बाईंनी हात चहाच्या कपावरून उचलले आणि गोंदणावर ठेवले. एका डॉक्टरांनी आधी ॲलर्जीचं मलम दिलं होतं. दुसऱ्यांनी क्षयाची शंका घेऊन नऊ महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या मावशींनी अजून सुरू केल्या नव्हत्या, कारण सणांचे दिवस होते आणि गोळ्यांनी मळमळतं असं शेजारणीने सांगितलं होतं. शेजारणीचं त्या दिवसापुरतं तरी बरोबर होतं.

बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात ती काचेची पट्टी घेतली, गोंदणाच्या कडेच्या एका गाठीवर दाबली आणि मला जवळ बोलावलं. दाबल्यावर रक्ताची लाली निघून गेली. मागे पिवळट तपकिरी रंग राहिला, गुळाच्या पाकासारखा. क्षयातही असं दिसतं, म्हणून बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. कापूस फिरवून संवेदना बघितली, ती शाबूत होती. कोपरामागची शीर चाचपली, ती जाड नव्हती, म्हणजे कुष्ठरोग नाही. मग गुडघे उघडे करायला लावले. उजव्या गुडघ्यावर विहिरीच्या काठी पडल्याची जुनी खूण होती. तीही लालसर फुगली होती, आणि त्याकडे कुणाचंच लक्ष गेलं नव्हतं.

"सार्कॉइडोसिस," बाई म्हणाल्या. नाव सांगून त्या कधी थांबत नसत. "मावशी, शरीरात राखणदार पेशी असतात. चोर आला की त्या त्याला घेरून बसतात. तुमच्यात चोर नाही, तरी जागोजागी घेरा घालून बसल्यात. त्यांना जुनी जखम, गोंदणाची शाई असल्या जागा आवडतात. हा संसर्ग नाही. सुनेला, नातवाला लागायचा नाही. देवीचा कोप नाही आणि भावाचाही नाही."

पुढचा क्रम मला पाठ झाला आहे. गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टात गाठी आल्या, पण क्षयात मधला भाग सडतो तसा कुठे सडलेला नव्हता आणि जंतू सापडले नाहीत. क्षयाची कातडीवरची चाचणी कोरी गेली. छातीच्या फोटोत फुप्फुसांच्या मुळाशी दोन्हीकडे गाठी वाढलेल्या दिसल्या. रक्तातलं कॅल्शियम, यकृत, हृदयाचा आलेख, सगळं बघून झालं. हा आजार एका खुणेने कधी सिद्ध होत नाही. बाकीचे एकेक संशयित घरी पाठवावे लागतात, तेव्हा हा उरतो. क्षयाबद्दल बाई इतक्या काटेकोर का होत्या तेही त्यांनी मला बजावलं होतं. याला स्टेरॉइड लागतं, आणि आत क्षय असताना स्टेरॉइड दिलं तर तो भडकतो.

राहिले डोळे. हा आजार डोळ्यांत गुपचूप शिरतो. दुखत नाही, लालही होत नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून अशा प्रत्येक माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायचं, त्याची तक्रार असो वा नसो, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. बाईंना पुस्तक माहीत होतं. पण त्यांची स्वतःची एक रीत होती. टेबलाच्या खणात सुई आणि पांढरा दोरा असायचा. अशा पेशंटला त्या खिडकीपाशी बसवून म्हणत, "सुई ओवून दाखवा." ज्याला जमलं नाही तो त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे. ज्याला जमलं तो सवडीने, महिना-दीड महिन्यात. गरीब माणसाला एका आठवड्यात पाच ठिकाणी पळवलं की तो सहाव्या ठिकाणी जात नाही आणि पहिल्या ठिकाणीही परत येत नाही, असं त्या म्हणायच्या. ते खोटं नव्हतं.

बाईंनी मावशींना सुई दिली. मावशींनी दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका दमात ओवून सुई परत दिली.

"शाबास," बाई म्हणाल्या. हा शब्द मी त्यांच्या तोंडून दोन वर्षांत दोनदाच ऐकला, आणि दोन्ही वेळा तो पेशंटला होता. "डोळ्यांचं दसरा झाल्यावर बघू. आता हंगाम आहे तुमचा."

मला वाटलं होतं, आत्ताच पाठवावं. तोंडापर्यंत आलं होतं. पण इतक्या वर्षांच्या सुईपुढे नागपूरहून आलेल्या पोराने काय बोलायचं, असा विचार करून मी गप्प बसलो. याचं मला अजून वाईट वाटतं.

गोंदणात इंजेक्शनं दिली, लावायला मलम दिलं. दोन आठवड्यांत अक्षरं खाली बसू लागली. मावशी खूश, सून खूश, बाईही खुशीत. हात बरा होताना दिसत होता ना.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी झेंडू घ्यायला फुलबाजारात गेलो. पायाखाली ओल्या पानांचा चिखल, गर्दी, दरांची ओरड. मावशींचा गाळा सापडला. एक गिऱ्हाईक त्यांच्याशी हुज्जत घालत होतं, "अहो, सगळा पिवळा सांगितला होता. यात केशरी निम्मा आहे." सुनेने मुकाट्याने हार बदलून दिला आणि टोपली सासूच्या जवळून लांब सरकवली.

"मावशी, ओळखलंत का?" मी विचारलं.

त्यांनी मान वर करून माझ्या दिशेने बघितलं. "आवाज वळखीचा हाय. बाईंचं डाक्टर ना?" बोलता बोलता सुईतला दोरा संपला. त्यांनी नवा दोरा ओठांत ओला केला आणि माझ्याशी बोलतच, माझ्याकडे तोंड करून, सुई ओवली. हातांकडे बघितलंसुद्धा नाही.

"तुम्हाला दिसतंय का नीट?"

"धुकं हाय. चार-पाच महिनं झालं. वय झालं, मोतीबिंदू आसंल. दिवाळी झाली की बघू."

"मग बाईंना का नाही सांगितलं?"

"बाई कातडीच्या. त्यांना डोळ्याचं कशापायी सांगायचं? आन त्यांनी सुई दिली, मी ओवली, तर शाबास म्हणल्या. मंग आनिक काय बोलायचं?"

मी तिथूनच बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिथेच थांब. गाळा नंबर सांग."

अर्ध्या तासात बाई रिक्षातून उतरल्या. पांढरा कोट तसाच अंगात. चिखलातून पातळ सावरत आल्या आणि नमस्कार-चमत्कार न करता मावशींना म्हणाल्या, "डोळे मिटा. मिटून सुई ओवा." मावशींनी डोळे मिटून ओवली. चाळीस वर्षं रोज शेकडो वेळा केलेलं काम, त्याला डोळे कशाला लागतात? बाई फुलांच्या एका पालथ्या क्रेटवर बसल्या. त्यांना मी दवाखान्याबाहेर कधी असं बसलेलं बघितलं नव्हतं.

"मावशी, मी मूर्ख आहे," त्या म्हणाल्या. "चला."

"आज कुठं? उंद्या दसरा हाय."

"दसरा दर वर्षी येतो. उठा."

सून गाळ्यावर बसली. आम्ही तिघं रिक्षाने डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते बाईंच्या वर्गातले. अंधाऱ्या खोलीत त्यांनी मावशींचे डोळे बराच वेळ तपासले. दोन्ही डोळ्यांना आतून सूज होती. उजवा बचावेल, असं म्हणाले. डाव्यात दाब वाढून दृष्टीची शीर सुकत आली होती.

"महिनाभर आधी आणलं असतं तर?" बाईंनी विचारलं.

"सांगता येत नाही."

"डॉक्टर लोक 'सांगता येत नाही' कधी म्हणतात ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. त्या डॉक्टरांनी मान वर केली नाही.

त्याच दिवशी स्टेरॉइडचे थेंब आणि गोळ्या सुरू झाल्या. पुढे स्टेरॉइड हळूहळू उतरवता यावं म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची दुसरी गोळी जोडली. मावशींचा चेहरा सुजला, साखर वाढली, मग सगळं आस्ते आस्ते ताळ्यावर आलं. उजव्या डोळ्यातलं धुकं गेलं. डाव्याला उजेड-अंधार कळायचा, एवढंच.

बाईंनी सुई-दोरा मोलकरणीला देऊन टाकला. डॉक्टरांची महिन्याची एक बैठक असायची. तिथे लोक आपापले पकडलेले दुर्मीळ आजार मिरवत. बाई उभ्या राहिल्या आणि मावशींचं नाव न घेता आपली चूक पायरीपायरीने सांगितली. मी गप्प बसलो होतो हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. खाली बसल्यावर शेजारच्या एका बड्या डॉक्टरांनी हळूच म्हटलं, "बाई, असं जाहीर बोलायची काय गरज?" बाई म्हणाल्या, "तुमच्याही खणात काहीतरी असेल. घरी जाऊन बघा." त्या बैठकीनंतर काही जण त्यांच्याशी बोलेनासे झाले. बाईंना त्याचं काही वाटलं असेल असं मला वाटत नाही.

पण एका गोष्टीचं त्यांना वाटत होतं, आणि ते मला पुढच्या आठवड्यात दिसलं. सकाळी गेलो तर बाई डाव्या डोळ्यावर कापसाची घडी चिकटवून बसलेल्या. मी घाबरलो. "काय झालं?" "काही नाही. बघतेय," त्या म्हणाल्या. एका डोळ्याने जगताना काय काय जातं, ते त्या बघत होत्या. दिवसभर तसंच काम केलं. दुसऱ्या दिवशीही, तिसऱ्याही. चहा ओतताना कप चुकला, जिन्याची शेवटची पायरी चुकली, डावीकडून आलेला माणूस दिसेना. मी वैतागून म्हणालो, "बाई, याने कुणाचा फायदा आहे?" तर म्हणाल्या, "अहो डॉक्टर, फायद्याचं करतेय असं कुणी म्हणालं?" आणि मला सगळे पेशंट आधी बघायला लावून, मी काय बघितलं ते ऐकत त्या नुसत्या बोटांनी तपासू लागल्या. मला त्यांचा राग येत होता आणि रडूही येत होतं.

आठव्या दिवशी मावशींची फेरतपासणी होती. त्या आल्या, खुर्चीत बसल्या, उजव्या डोळ्याने बाईंकडे बघितलं.

"तुमच्या बी डोळ्याला झालं का?"

बाईंनी मान हलवली, नाही म्हणून. मावशींनी थोडा वेळ त्यांच्याकडे टक लावून बघितलं. त्यांना सगळं समजलं असावं. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून बाईंपाशी गेल्या आणि फुलाला चिकटलेलं पान काढावं तशी ती कापसाची घडी अलगद सोडवली.

"माझा एक ग्येला त्यो ग्येला," त्या म्हणाल्या. "पर मला तपासायला तुमचं दोनी पायजेत."

आणि बाही वर करून, भावाचं नाव बाईंच्या पुढ्यात धरून त्या उन्हात बसल्या.